पलंगाला जोडायची कॉट घ्यायचीय, पण आमचा पलंगच आडवा येतोय

मोजपट्टी:

बायकोला ३४वा आठवडा लागलाय. बाळ पायाकडून आहे. फिरलं नाही तर सिझेरियन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. म्हणजे टाके असताना रात्री दर दोन-तीन तासांनी उठायचं, पाळण्यापाशी जायचं, वाकून बाळ उचलायचं, हे तिला पहिले काही आठवडे जमणार नाही. "मी उठेन की," असं मी म्हणालो. त्यावर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. (गेल्या महिन्यात शेजारच्या गाडीचा अलार्म मध्यरात्री पाऊण तास ओरडत होता म्हणे. मला सकाळी चहाच्या वेळी कळलं.)

तेव्हा पलंगाला चिकटून लावायची, एका बाजूने उघडी असणारी कॉट घ्यायची एवढं ठरलंय. आई म्हणते कशाला, बाळाला दोघांच्या मध्ये झोपवा. पण मी कसा झोपतो ते आईलाही माहीत आहे, त्यामुळे ती फार जोर करत नाही.

गेले दोन आठवडे मी कॉटची वर्णनं वाचतोय. कापड किती मऊ, रंग किती, किती सेकंदांत घडी होते, सगळं लिहिलेलं असतं. तुमचा पलंग कसला आहे, असं मात्र कुणी विचारत नाही. मी नकाशे काढून पोट भरतो, म्हणून सवयीने टेप घेऊन बसलो आणि तिथून झोप उडाली.

आमचा पलंग सामानाच्या बॉक्सचा आहे, फळी वर उचलायचा. चारी बाजूंनी जमिनीपर्यंत बंद, खाली पाय शिरायला जागा नाही. गादीचा वरचा काठ जमिनीपासून ५३ सेंमी. आम्ही दोघं आडवे झालो की ४९, आणि बायको काठावर बसली की ४६. पलंगाची लाकडी चौकट गादीच्या बाहेर ५ सेंमी येते. म्हणजे कॉट कितीही घट्ट लावली तरी ती चौकटीला टेकणार, गादीला नाही. मध्ये ५ सेंमीची खाच राहणार. पलंग आणि कपाट यांच्यात ७४ सेंमी जागा आहे.

दोन कॉट डोळ्यासमोर आहेत. पहिलीचे पाय इंग्रजी यू-सारखे पलंगाखाली जातात, बाजूला चेन आहे, आणि डोक्याकडून उचलून तिरकी करता येते. "दूध बाहेर काढणाऱ्या बाळांसाठी उत्तम" असं लिहिलंय. दुसरी लाकडी, गजांची. तिची पलंगाकडची बाजू पूर्ण निघते. शिवाय चुलत बहीण तिच्या मुलाची कॉट फुकट देतेय. तो मुलगा आता सातवीत आहे. तिचा एक कठडा खोबणीतून खाली-वर सरकतो.

खाचेत टॉवेलची गुंडाळी करून घातली तर चालेल का? आणि गादीची उंची नेमकी कुठली धरायची, ५३ की ४९?


तिसरा प्रहर:

टॉवेल नको! सगळ्यात आधी हे लिहिते, बाकीचं नंतर.

माझी मोठी झाली तेव्हा आम्ही अशीच उशी खोचली होती. पाचव्या की सहाव्या रात्री बघितलं तर उशीचं टोक वर आलेलं आणि पोरीचं तोंड त्याच्यापासून वीतभर. काही झालं नाही, पण त्या रात्री मी परत झोपले नाही. खोचलेलं काहीही हलतंच. तुम्ही कूस बदलता, गादी दबते, ते हळूहळू वर येतं.

आता माझं अनुभवाचं गाठोडं. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन, दोन वेगळ्या कॉट.

पहिल्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं की कॉट लावली की बाईची उतरायची बाजू बंद होते. तुमच्या बायकोच्या बाजूला कॉट, दुसऱ्या बाजूला तुम्ही (घोरत). बाथरूमला जायचं तर तिने पायथ्याकडे घसरत जायचं की तुमच्यावरून उडी मारायची? टाके असताना बसल्या बसल्या घसरणं काय असतं ते विचारू नका. दुसऱ्या वेळी आम्ही कॉट पलंगाच्या वरच्या अर्ध्यात बसवली आणि खालचा अर्धा मोकळा ठेवला. मग कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटून उठायचं. जमलं. तुमच्या पलंगाची लांबी लिहिली नाहीत, ती मोजा.

दुसरं म्हणजे आवाज. दुकानात उभं राहून बाजू एका हाताने उघडून बघा, दुसऱ्या हातात बाळाएवढं काहीतरी धरून. आमच्या पहिल्या कॉटची कडी "खट्ट" अशी वाजायची की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. चेनवाल्यांची चेन कोपऱ्यात अडकते, तीही बघा. आणि चादर बदलायला पट्टे सोडावे लागतात का हेही. रात्री तीन वाजता ते कळण्यात मजा नाही.

चाकं असतील तर कुलूप लागणारी हवीत. ही कॉट दिवसा दुसऱ्या खोलीत नेईन असं मला वाटलं होतं. एकदाही नेली नाही.


रंधा:

लहान मुलांचं फर्निचर करतो, २० वर्षं झाली. मोजपट्टी, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक कॉट घेऊन येतात आणि मग म्हणतात, पलंगाला बसत नाही, काहीतरी करा.

फुकटची कॉट आधी निकालात काढू. ज्या कॉटचा कठडा खोबणीतून खाली-वर सरकतो, तो प्रकार अमेरिकेत २०११पासून विकायलाच बंदी आहे. खोबणीतलं प्लास्टिक झिजतं, एक कोपरा सुटतो, कठडा तिरका होतो आणि गादी व कठडा यांच्यात फट पडते. बाळ त्या फटीत सरकतं. असे मृत्यू झाले, म्हणून बंदी आली. बहिणीला गोड बोलून नाही म्हणा, आणि तिलाही सांगा की पुढे कोणाला देऊ नको. जुनी कॉट मी सरसकट वाईट म्हणत नाही. सगळे स्क्रू मूळचे असतील, माहितीपुस्तिका असेल, गादी तिचीच असेल आणि कठडा सरकणारा नसेल तर बघता येईल. एक बोल्ट हरवला म्हणून जवळपासच्या मापाचा घातलेला दिसला तर मात्र हात लावू नका.

आता खाच. तुमची चौकट ५ सेंमी बाहेर आहे ना? गादीच कॉटच्या बाजूला ५ सेंमी सरकवा. चौकटीच्या काठाला काठ आला पाहिजे. फट दुसऱ्या बाजूला जाईल, तुमच्या बाजूला. तिथे तुम्ही पडलात तर तुमचं तुम्ही बघा. ☺ पण सरकवलेली गादी रात्रीत परत मूळ जागी यायला बघते, म्हणून खाली निसरडं कापड असेल तर काढा आणि रबरी जाळी टाका. चौकटीला वर उभी कड असेल आणि गादी तिच्या आत बसत असेल, तर हा उपाय चालणार नाही. ते आधी बघा.

उंचीचं उत्तर: दोन्ही मापं घ्यायची, पण वेगवेगळ्या कामासाठी. बाजू पूर्ण काढायची जुन्या पद्धतीची कॉट असेल तर दोन गाद्या एका पातळीत हव्यात, आणि तुमच्याकडे ती पातळी माणूस झोपला-उठला की ४ सेंमी हलते. म्हणून मला तो प्रकार आवडत नाही. युरोपात ईएन ११३० हे मानक २०१९मध्ये नव्याने आलं. त्यानुसार बाजू खाली केली तरी बाळाच्या गादीच्या वर सुमारे १२ सेंमीचा कठडा शिल्लक राहतो. त्यामुळे मोठ्यांच्या पलंगाकडे बाळ घरंगळत नाही आणि मोठेही कॉटमध्ये घरंगळत नाहीत. अशी कॉट घेतलीत तर तुमची गादी त्या शिल्लक कठड्याच्या वर डोकावता कामा नये. इथे रिकाम्या पलंगाचं, म्हणजे ५३चं माप धरा. कठड्याचा माथा ५३च्या किंचित वर. मग बाळाची गादी ४१-४२च्या आसपास येईल. कॉटची उंची टप्प्याटप्प्याने बदलते, तेव्हा कुठला टप्पा जुळतो ते पुस्तिकेतल्या तक्त्यात पाहून मगच घ्या.

यू-सारखे पाय बॉक्सच्या पलंगाला चालत नाहीत. पाय दुमडून किंवा आखूड करून लावता येतात अशी मॉडेलं असतात, पण मग कॉटचा तोल पूर्णपणे पट्ट्यांवर राहतो. पट्टे गादीखालून पलंगाच्या पलीकडच्या काठाला जाऊन अडकतात. तुमच्याकडे फळी उचलणारी आहे, म्हणजे पट्टा फळीच्या खालून घ्यावा लागेल की चौकटीच्या, हे पुस्तिकेत बघा. बॉक्सच्या पलंगाला लावू नये असं लिहिलेलं असेल तर जुगाड करू नका. आणि बॉक्समधलं सामान आत्ताच बाहेर काढा. एकदा पट्टे लागले की फळी उचलणं बंद.

गज असतील तर दोन गजांमधलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नको. थंड पेयाचा साधा डबा त्यातून आरपार गेला तर कॉट परत करा. कॉटची गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं शिरली तरी परत करा.


डुलकी:

"तिथे तुम्ही पडलात तर तुमचं तुम्ही बघा" 😂😂
बाकी वाचतेय. आमचाही बॉक्सचाच पलंग आहे.


रातपाळी:

मी नवजात बाळांच्या विभागात सिस्टर आहे. रंधाभाऊंनी लाकडाचं सांगितलं, मी कॉटच्या आतलं सांगते.

तिरकी होणारी कॉट घेऊ नका. किंवा घेतलीत तर ती सोय कधीच वापरू नका. हे मला रोज कोणाला ना कोणाला सांगावं लागतं, कारण पाकिटावर ती सोय ठळक छापलेली असते. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची. उतारावर झोपवलं की बाळ खाली सरकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. पाण्याची नळी दुमडल्यावर होतं तसं. ते रडतही नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. अमेरिकेत १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या बाळांच्या झोपण्याच्या वस्तूंवर २०२२मध्ये कायद्याने बंदी आली, आणि कठड्याला बांधायच्या जाड गुबगुबीत पट्ट्यांवरही.

मग दूध बाहेर काढणाऱ्या बाळाचं काय? पाठीवर झोपलेलं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध चढून श्वासनलिकेत जायला हवं, ते सहसा जात नाही. पोटावर झोपवलं की उलट होतं. ठसका लागेल म्हणून बाळाला कुशीवर टेकवून ठेवतात, ते बाळ पालथं पडतं, म्हणून तेही नको. पाजून झालं की ढेकर काढा, थोडा वेळ उभं धरा, आणि मग सपाट, पाठीवर. ज्या बाळांना खरंच त्रास आहे त्यांच्याबद्दल तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते ऐका, पाकिटाचं ऐकू नका.

पूर्वी पालथं झोपवायला सांगत. अमेरिकेत १९९४मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक होणारे मृत्यू तिथे निम्म्याहून कमी झाले. आमच्या विभागातल्या आज्या मला सांगतात, "आमची मुलं पालथी झोपूनच मोठी झाली." झाली, खरंच झाली. जी झाली नाहीत त्यांच्या आज्या माझ्याशी बोलायला येत नाहीत.

कॉटची गादी हाताने दाबून बघा. हात उचलल्यावर खळगा राहिला तर ती फार मऊ आहे. कडक वाटते म्हणून वर दुसरी गादी टाकू नका. बाळाला ती टोचत नाही, आपल्याला बघायला टोचते. जास्तीची गादी टाकली की कठडाही तेवढाच बुटका होतो. आत फक्त घट्ट बसणारी चादर आणि बाळ. उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणं नाही.

शेजारच्या कॉटचा एक खास धोका आहे, तो फारसा कोणी बोलत नाही. कॉट रिकामी ठेवता, पण ती जिथे उघडी आहे तिथे शेजारी तुमची उशी आणि तुमची रजई असते. रात्रीत आईची रजई कठड्यावरून कॉटमध्ये उतरते. म्हणून कॉट पलंगाच्या अगदी डोक्याशी लावू नका. उशीच्या खालच्या पातळीला, आईच्या छातीजवळ येईल अशी लावा. दोघांना वेगळी पांघरुणं घ्या आणि तिचं कमरेपर्यंतच. पलंगावर कोणी नसेल तेव्हा कॉटची बाजू पूर्ण वर.

मध्ये झोपवू नका हे तुम्ही ठरवलंच आहे, बरं केलंत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२मध्येही हेच सांगितलं, निदान पहिले ६ महिने एकाच खोलीत पण वेगळ्या जागेवर. तरीही पाजता पाजता डोळा लागतो. लागणारच. म्हणून एक सांगते. रात्री पाजायला सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत जाऊ नका, तिथे डोळा लागणं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा पलंगावर पाजा, आजूबाजूच्या उशा आणि पांघरूण बाजूला सारून. जाग आली की लगेच बाळ कॉटमध्ये. यासाठीच तर कॉट हाताच्या अंतरावर हवी.


मोजपट्टी:

सर्वांचे आभार. आज सुट्टी होती, घरातली सगळी कामं सोडून हेच केलं.

रंधाभाऊ, चौकटीला उभी कड नाही, सपाट आहे. गादी सरकवली. काठाला काठ आला. माझ्या बाजूला आता ५ सेंमीची फळी उघडी दिसते आणि बायकोला त्याचं फार समाधान आहे. रबरी जाळी टाकली. दोघांनी दहा मिनिटं लोळून पाहिलं, गादी हलली नाही.

पलंगाची लांबी १९५. कॉट ९३च्या आसपास असते असं दिसतंय. उशीखाली, म्हणजे डोक्याकडून साधारण २८ सेंमी सोडून लावली, तर पायथ्याकडे ७४ उरतात. तेवढ्यात उतरता येईल का हे पाहायला कॉटच्या जागी खोक्यांची रास रचली आणि बायकोला उतरायला सांगितलं. उतरता आलं. पण उभं राहताना तिची कंबर कपाटाच्या हँडलला लागली. सरकत्या दाराचं कपाट आहे, पण हँडल ४ सेंमी बाहेर.

तिरकी होणारी बाद. पूर्ण बाजू निघणारी गजांचीही बाद, कारण आमची पातळी हलणारी. तिसरी एक सापडलीय, कठडा शिल्लक राहणारी आणि पाय सरळ खाली येणारे. टप्पे ३-३ सेंमीचे. तक्त्याप्रमाणे चौथ्या टप्प्याला कठड्याचा माथा ५४वर येतो. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मी ती माझ्या नणंदेला देणार होते.

एकच शंका. ही कॉट किती महिने पुरेल? कोणी सहा म्हणतं, कोणी पाच.


तिसरा प्रहर:

महिने मोजू नका, बाळाकडे बघा. पालथं पडायला लागलं, किंवा हातांवर-गुडघ्यांवर अंग उचलायला लागलं, की त्या दिवशी कॉट बंद. १२ सेंमीचा कठडा मग काहीच नाही. माझं मोठं पाच महिन्यांनी पालथं पडलं, धाकटा साडेतीनच महिन्यांत. आम्हाला तेव्हा मोठी कॉट घ्यायची घाई झाली. वजनाची मर्यादाही लिहिलेली असते, बहुतेक ९ किलोच्या आसपास, पण वजनाआधी पालथं पडणंच येतं. बाळाला गुंडाळत असाल तर तेही त्याच सुमाराला थांबवा.


रातपाळी:

हो. आणि पालथं पडण्याची चिन्हं दिसायला लागली तरी पुरे, पूर्ण पालथं पडायची वाट बघू नका. पहिल्यांदा ते रात्रीच पडतात. दिवसा आपण बघत असतो तेव्हा नाही.


रंधा:

चौथ्या टप्प्याला ५४ म्हणजे बरोबर. कॉट आली की पट्टे लावून झाल्यावर कॉट दोन्ही हातांनी ओढून बघा, जोर लावून. बोटभर जरी सुटली तरी पट्टा परत आवळा. आणि दर आठवड्याला एकदा, कारण पट्टे ताणून सैल होतात. ते सगळ्यांचेच होतात, महागाचेही. वास येत असेल तर आत्ताच उघडून खिडकीपाशी ठेवा, आठवडे आहेत अजून.

हँडलचं काय केलंत?


मोजपट्टी:

काढलं. दोन स्क्रू होते. आता कपाट उघडायला बोट घालायची खाच आहे, बायकोला आवडलेली नाही.